चाळीस पावलांची हद्द

माझी नणंद ट्रॅक्टर चालवते. शेतात नव्हे, समुद्रकिनाऱ्यावर. पालिकेच्या नोकरीतली तिची जवळजवळ सगळी वर्षं त्याच एका सीटवर गेली. उजाडायच्या आत ती ट्रॅक्टर सुरू करते. मागे लोखंडी दाताळं जोडलेलं असतं. धक्क्यापासून खडकांपर्यंतची सगळी वाळू ती आठच्या आत विंचरून काढते. बाटल्या, काटक्या, वाहून आलेलं शेवाळ, कुणाची तरी एकटीच राहिलेली चप्पल, सगळं दाताळ्यात येतं आणि मागे नुसती रेघारेघांची वाळू उरते. त्या वाळूवर पहिलं पाऊल टाकायला लोकांना धीर होत नाही, असं आमचे हे पूर्वी कौतुकाने सांगायचे.

आमचे हे म्हणजे तिचा धाकटा भाऊ. किनाऱ्यावर आमच्या खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने मिळतात. एका रांगेत दहा छत्र्या, अशा सहा रांगा. हे खांब ठोकतात, मी खुर्च्या देते-घेते. ह्यांना सगळे छत्रीवाला म्हणतात, नणंदेला इंजिनताई. मला वहिनी याखेरीज कुणी काही म्हणत नाही आणि त्यावाचून माझं कधी अडलंही नाही. नणंदेने लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत ती राहते. तिचं डिझेलच्या वासाचं जाकीट स्वयंपाकघराच्या दारामागे लटकतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला दुसरी जागा मिळालेली नाही. नणंद बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. भावावर तिचा जीव, आणि भावाला तिचा धाक.

आमच्या किनाऱ्यावर एक बारका पक्षी असतो. चिमणीपेक्षा जरासा मोठा, पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, गळ्याला अर्धवट काळी पट्टी. पळतो असा की पाय दिसतच नाहीत, गोटी घरंगळत जावी तसा. त्याला सगळे लंगडी म्हणायचे. कारण जवळ गेलं की तो एक पंख खाली लोंबवून लंगडत, फरफटत पुढे जायचा. एवढे सगळे पक्षी एकाच पायाने अधू कसे, असा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नाही. असतात काही जातीच अशक्त, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी सीझन सुरू व्हायला अजून महिनाभर होता. एके दिवशी सकाळी अशीच एक लंगडी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाशी आली. पंख पसरलेला, चोच उघडी, ओरडून ओरडून जीव अर्धा झालेला. नणंदेला वाटलं, आपलंच चाक लागलं हिला. तिने ब्रेक दाबला, खाली उतरली, जाकीट काढलं आणि त्यात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं म्हणून तिच्या मागे निघाली. लंगडी दहा पावलं पळाली आणि पडली. ही वाकली, तर पुन्हा दहा पावलं. असं करत करत तिने हिला चांगलं ऐंशी-नव्वद पावलं लांब नेलं. आणि मग दोन्ही पंख नीट उघडून सरळ उडून गेली.

नणंद मला म्हणाली की आधी तिला हसू आलं. पन्नाशी उलटलेली बाई हातात जाकीट घेऊन वाळूत उभी, आणि मूठभर पाखराने तिला बनवलं. मग तिच्या मनात आलं, उगाच कुणी कुणाला का बनवेल? ती वळली आणि स्वतःच्याच चाकोरीने मागे चालत आली. दाताळ्याच्या एका रेघेत पिवळा ओला डाग होता. त्याला वाळू चिकटली होती. दोन अंड्यांचा चुरा झाला होता. तिसरं बाजूला उडालं होतं, न फुटता. तिने उचललं तर ते गरम होतं.

साडेसहाला ती घरी आली. अर्धा किनारा तसाच सोडून. असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. मी चहा ठेवत होते. तिने जाकीट काढलंच नाही. टेबलावर एक वाटी घेतली, त्यात ते अंडं ठेवलं आणि समोर बसली. वाळूचा रंग, वर काळे बारीक फराटे, जणू कुणी पेन चालतंय का हे बघायला रेघोट्या मारल्यात.

"अगं, ती लंगडी नाहीये," ती म्हणाली. "ती मला अंड्यांपासून लांब नेत होती. दर वर्षी. आणि मी काय करायचे ठाऊक आहे? बिचारी चाकाखाली येऊ नये म्हणून ट्रॅक्टर तिच्यापासून दुसऱ्या बाजूला घ्यायचे. म्हणजे सरळ अंड्यांवर."

हे दाढी करून आले, वाटीत डोकावले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की पक्षी आहे, पुन्हा घालेल. नणंदेने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा न पिताच खांब रंगवायला निघून गेले.

दर हिवाळ्यात आमच्याकडे एक प्राध्यापक बाई यायच्या. तिकाटण्यावर दुर्बीण लावून पक्षी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. आम्ही त्यांना मोजणीवाल्या बाई म्हणायचो. नणंद त्यांची थोडी थट्टाही करायची, की मोजून काय ह्यांचं पीठ दळून येणार आहे का. आता तिनेच ऑफिसातून त्यांचा नंबर काढला. दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या बसने आल्या.

आमच्याच स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं सांगितलं. पुस्तकात ह्या पक्ष्याला चिखल्या म्हणतात. घरटं म्हणजे वाळूत छातीने घासून केलेली बशीएवढी खळगी, बाकी काही नाही. नर आणि मादी पाळीपाळीने बसतात, पंचवीस-सव्वीस दिवस. अंडी गेली तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा घालतात, म्हणजे आमच्या ह्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण त्याच मोसमात पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली, तर पक्षी तरी किती करणार. त्यांनी वही उघडली. दहा वर्षांपूर्वी ह्या किनाऱ्यावर साठ चिखले होते. आता चौदा. आणि दहा वर्षांत त्या-त्या वर्षी जन्मलेलं एकही पाखरू त्यांना दिसलेलं नव्हतं.

बाई सभ्य होत्या. कुत्री आहेत, कावळे आहेत, माणसांचे पाय आहेत, असं त्या सांगत राहिल्या. नणंदेने त्यांना थांबवलं. कुत्र्यांचं कुत्री बघतील, म्हणाली, माझं मी सांगते, दाताळं माझं होतं. मग तिने अंड्याची वाटी स्वतःपुढे ओढली. ते तोवर गार झालं होतं. बाईंनी सांगून टाकलं होतं की आता त्यातून काही निघणार नाही.

"आपण तिला नाव ठेवलं असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "आपण नुसती नावं ठेवली."

त्या दिवसापासून ती अर्धा तास लवकर उठायला लागली. ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी डोक्याला दिवा बांधून सगळा किनारा पायी चालायची. मोजणीवाल्या बाईंनी तिला पायांचे ठसे ओळखायला शिकवले होते. तीन बोटं, मागचं नाही, आणि ठसे सगळीकडून एकाच जागी येत असतील तर समजायचं. सोळाव्या दिवशी तिला ती जागा सापडली. पुन्हा तीन अंडी. आणि सापडली कुठे? बरोबर आमच्या तिसऱ्या रांगेच्या मधोमध.

तिने कुणाला विचारलं नाही. आमच्या शेडमधले चार खांब उचलले, दोरी घेतली आणि घरट्याभोवती चाळीस पावलं लांब, चाळीस पावलं रुंद अशी हद्द आखली. एका फळीवर रंगाने लिहिलं, 'इथे अंडी आहेत. आत येऊ नये.' ट्रॅक्टर दोरीला वळसा घालून नेला. आतलं शेवाळ तसंच राहिलं.

हे संतापले. सीझनच्या तोंडावर दोन-अडीच रांगांची जागा गेली, तीही सगळ्यात चांगली, पायऱ्यांसमोरची. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणत ते घरभर फिरले. ताईला वेड लागलंय हे मला समजवायला लागले, कारण तिच्या तोंडावर बोलायची त्यांची छाती नव्हती. मी दोन्हीकडे मान डोलावत राहिले. खरं सांगते, तेव्हा मला अंड्यांचं फारसं काही नव्हतं. मला घरात शांतता हवी होती.

आठवडाभराने किनारा निरीक्षकांनी बोलावणं धाडलं. खांब आमचे, म्हणून मलाही जावं लागलं. त्यांचं ऑफिस वरच्या रस्त्याला, कपडे बदलायच्या खोल्यांच्या माथ्यावर. एका भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक, दुसरीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, आणि खिडकीतून सगळा किनारा दिसतो. आमची दोरी तिथून नकाशावर काढल्यासारखी दिसत होती. आत शेवाळाचा काळा-तपकिरी चौकोन.

निरीक्षक वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. आदर्श किनाऱ्याची पाटी मिळवण्यासाठी त्याने तीन वर्षं खटपट केली होती, आणि बारा दिवसांनी तपासणी समिती येणार होती. त्याने नणंदेला खुर्ची दिली, पाणी दिलं. पक्षी किनाऱ्यावर येतात म्हणून किनारा काही पक्ष्यांचा होत नाही, असं गोडीगुलाबीने सांगितलं. समितीला शेवाळ दिसलं, वास आला, माश्या आल्या, तर सगळं मुसळ केरात. तेव्हा उद्या सकाळी दोरी काढा आणि नेहमीसारखी सफाई करा.

"लेखी द्या," नणंद म्हणाली.

तो म्हणाला, एवढ्याशा गोष्टीला लेखी कशाला.

"अंड्यांवरून ट्रॅक्टर न्यावा, एवढंच लिहा साहेब. खाली सही, शिक्का. पक्ष्यांची अंडी मोडू नयेत असा कायदा आहे, त्याचा कागद मोजणीवाल्या बाईंनी मला दिलाय. तो मी तुमच्या कागदाला जोडते आणि मग बघू."

निरीक्षकाने कागद ओढला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी तिच्या हातात दिलं त्यात होतं, 'संपूर्ण किनाऱ्याची नियमाप्रमाणे सफाई करण्यात यावी.' तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. ह्यात अंडी कुठे आहेत, असं विचारलं. ती गृहीत आहेत, तो म्हणाला.

"गृहीत होती म्हणूनच तर बावीस वर्षं दिसली नाहीत," ती म्हणाली आणि कागद परत त्याच्यापुढे सरकवला.

त्याचा आवाज चढला. मग किल्ली ठेवा, म्हणाला. तिने खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली. टेबलावर ठेवली नाही. उठून भिंतीशी गेली, स्वतःच्या खिळ्याला टांगली आणि जाकिटाला हात पुसले. त्याने तिथल्या तिथे तिची बदली हरवलं-सापडलंच्या खोलीत केली. उद्यापासून ट्रॅक्टर कंत्राटी ड्रायव्हर चालवणार होता.

परत येताना पायऱ्यांवर मी सारखी तिच्या हातांकडे बघत होते. गिअर टाकून टाकून त्या हाताच्या तळव्याला घट्टे पडलेत. त्या हातांना आता कुणाच्या हरवलेल्या छत्र्या नि गॉगल नोंदवायचे होते. आणि तिच्या चेहऱ्यावर त्याचं काहीच नव्हतं. मला माझी लाज वाटली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला उठली, जाकीट घातलं, मागच्या खोलीतलं लाकडी स्टूल उचललं आणि निघाली. मी दारात उभी होते. चप्पल घातली आणि मागोमाग गेले. तिने वळून पाहिलं, पण परत जा असं म्हणाली नाही.

दोरीच्या पुढे, ट्रॅक्टर येणार त्या बाजूला तिने स्टूल ठेवलं आणि बसली. मी वाळूतच बसले. उजाडता उजाडता ट्रॅक्टर आला. कंत्राटी ड्रायव्हर डोक्यावर टोपी घातलेला, तिशीतला माणूस होता. त्याने आमच्यापासून चार हातांवर गाडी थांबवली आणि ओरडून विचारलं, मावशी, काय झालं? ती बसल्या बसल्या म्हणाली की काही झालेलं नाही, आणि होऊ नये म्हणून बसलेय. त्याने खिशातून नकाशा काढला. सगळा किनारा करायला सांगितलंय, म्हणाला, मी हुकमाचा ताबेदार.

"खाली उतर," ती म्हणाली. "दोन मिनिटं बघ. मग तुझं तू ठरव. मी इथून हटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते."

तो उतरला. तिने त्याला दोरीपर्यंत नेलं आणि बोट दाखवलं. त्याला काही दिसेना. तिने पुन्हा दाखवलं. तेवढ्यात अंड्यांवरचा पक्षी उठला, आमच्यासमोर येऊन पंख लोंबवून पडला, ओरडायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, अरे, ह्याला तर लागलंय. आणि त्याच्या मागे जायला निघाला. नणंदेने त्याचा दंड धरला. म्हणाली, नको त्याच्याकडे बघूस, मी बावीस वर्षं तेच केलं, तिकडे बघ. मग त्याला अंडी दिसली. तो तिथेच उकिडवा बसला.

ऊन वर आलं तसा तो उठला. ट्रॅक्टर बंद पडला असं सांगतो ऑफिसात, म्हणाला.

"खबरदार," नणंद म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "माझ्या ट्रॅक्टरवर आळ घ्यायचा नाही. तो आजवर एकदाही बंद पडलेला नाही. सांग की म्हातारी पुढ्यात बसली होती. जे आहे ते सांग."

त्याने वळसा घातला.

एवढ्यात हे पायऱ्या उतरून आले. खांद्यावर खांबांची मोळी, मागे चार-सहा नेहमीचे सकाळचे फिरणारे. बायको वाळूत बसलेली पाहून ते थबकले. बहिणीकडे त्यांनी बघितलंही नाही. मला म्हणाले, ऊठ, घरी चल, तिसरी रांग लावायचीय. लोक ऐकत होते. वीस वर्षांच्या संसारात मी चारचौघांत ह्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. घरात काय बोलायचं ते बोलायचे, बाहेर नाही.

"तिसरी रांग ह्या वर्षी लागणार नाही," मी म्हणाले.

कुणाला विचारून, असं त्यांनी विचारलं.

"खांब तुम्ही ठोकता. खुर्च्या मी देते. तिसऱ्या रांगेला मी एकही खुर्ची देणार नाही. ठोका मग नुसते खांब."

फिरणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. ह्यांचे कान लाल झाले. खांबांची मोळी तिथेच टाकून ते निघून गेले आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात ताटं वाढली गेली, उचलली गेली, पण तिघांमधलं बोलणं दोघींपुरतंच राहिलं. आम्ही दोघी रोज सकाळी स्टुलावर आणि वाळूवर. साडेआठला नणंद हरवलं-सापडलंच्या खोलीत जायची आणि मी खुर्च्यांकडे.

समिती ठरल्या दिवशी आली. तिघेजण, पांढऱ्या बुटांतले. निरीक्षकाने त्यांना दुसऱ्या टोकाने फिरवलं, पण वाऱ्याला कोण अडवणार. एकाने नाकाला रुमाल लावला आणि दोरीपाशी येऊन फळी वाचली. मी तिथेच होते. मी त्यांना अंडी दाखवायला निघाले, तर त्यांनी वेळ नसल्याचं सांगितलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. पाटी मिळाली नाही. निरीक्षकाने त्याच संध्याकाळी नणंदेवर चौकशी लावली.

आणि तिसऱ्या दिवशी अंडी फुटली.

तीनपैकी दोन. तिसऱ्यातून काहीच निघालं नाही. मी दुर्बीण लावून बसले होते, मोजणीवाल्या बाईंनी त्यांची जुनी एक मला दिली होती. पिल्लू म्हणजे काय, अंगठ्याएवढं. पिसं अजून ओलीच होती आणि ते उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं. दुपारपर्यंत दोन्ही पळायला लागली. घरटं सोडून सरळ त्या काळ्या, कुजक्या, समितीला खुपलेल्या शेवाळात शिरली आणि त्यावरच्या माश्या टिपायला लागली. त्यांना कुणी भरवत नाही. पहिल्या दिवसापासून आपलं आपण. आई-बाप नुसते आजूबाजूला उभे राहतात आणि शीळ घातली की पिल्लं जिथे असतील तिथे वाळूला चिकटून बसतात. मग ती समोर असली तरी दिसत नाहीत. मी पळत नणंदेला सांगायला गेले. ती कुणालातरी सापडलेलं घड्याळ देत होती. तिने सही घेतली, घड्याळ दिलं, मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलताना दिसले. मी जवळ गेले नाही. तिला ते आवडलं नसतं.

एक पिल्लू चौथ्या दिवशी कावळ्याने नेलं. माझ्या डोळ्यांदेखत. मी धावले, ओरडले, पायातली चप्पल फेकली. काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी मला कळलं की आता मला ह्याचं काहीतरी आहे.

उरलं एक. गर्दी वाढली होती. पोरांचे चेंडू दोरीच्या आत जायचे. ह्यांनी अजून आमच्याशी बोलणं सुरू केलं नव्हतं, पण एकदा मी बघितलं, दोन माणसं दोरी ओलांडायला निघाली तर हे लांबून ओरडले, अहो, तिकडे सांडपाण्याची लाइन फुटलीय, जाऊ नका. ती माणसं उड्या मारत मागे आली. पुढे महिनाभर ह्यांनी ती फुटकी लाइन प्रत्येकाला सांगितली. मी विषय काढला तर म्हणाले, गिऱ्हाइकांना ठेच लागू नये म्हणून सांगतो, बाकी माझा काही संबंध नाही. मी बरं म्हणाले.

चौतिसाव्या दिवशी ते उडालं. दोन छत्र्यांच्या मधून, एका झोपलेल्या माणसाच्या पोटावरून, वेडंवाकडं, आणि पाण्याच्या कडेला जाऊन बसलं. मोजणीवाल्या बाईंना फोन केला तर त्यांनी तारीख आणि वेळ दोनदा विचारून वहीत लिहून घेतली.

मग चौकशीचा दिवस. निरीक्षकाने नणंदेला सांगितलं होतं की प्रकरण वाढवायची त्याची इच्छा नाही. दोन ओळींचा माफीनामा द्या, किल्ली घ्या. चौकशीला मोठ्या ऑफिसातले एक अधिकारी आले होते. नणंदेने घरूनच लिहून नेलं होतं. आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, तीन कागद फाडून. तिने उभं राहून वाचलं.

"बावीस वर्षांत माझ्या दाताळ्याखाली जी अंडी मोडली, त्यांची संख्या मला माहीत नाही. त्या सगळ्यांबद्दल मी माफी मागते. ह्या वर्षीच्या तीन अंड्यांबद्दल मागणार नाही. पुढच्या वर्षी अंडी दिसली तर मी पुन्हा हेच करणार आहे, म्हणून आत्ताच कळवून ठेवते."

अधिकाऱ्यांनी तो कागद निरीक्षकाकडे दिला. हा माफीनामा आहे का, असं विचारलं. निरीक्षक म्हणाला, अर्धा आहे. निकाल लागला तो असा की तिची बढती एक वर्ष रोखली आणि तिला हरवलं-सापडलंच्या खोलीतच ठेवलं. तिने हुकूम घडी करून जाकिटाच्या खिशात टाकला. बढती तिला तशीही नको होती. ट्रॅक्टर गेला, ते मात्र तिला लागलं. पहाटे जाग यायची आणि ती मागच्या खोलीत नुसती बसून राहायची, दिवा न लावता. ते मी पाहिलंय.

हिवाळाभर ट्रॅक्टरचे हाल झाले. टोपीवाला ड्रायव्हर दुसरीकडे लागला होता. त्याच्या जागी आलेल्याने ओल्या वाळूत दोनदा चाकं रुतवली आणि दाताळ्याचे अकरा दात वाकवले. शेवटी निरीक्षक स्वतः जिना उतरून हरवलं-सापडलंच्या खोलीत आला आणि त्याने टेबलावर किल्ली ठेवली. नणंदेने किल्लीला हात लावला नाही. आधी माझं ऐका, म्हणाली. अंडी घालायच्या महिन्यांत ट्रॅक्टरच्या पुढे माणूस चालला पाहिजे, डोळे उघडे ठेवून. त्याने हात वर केला की ट्रॅक्टर थांबणार. घरट्याला चाळीस पावलं, आणि आतलं शेवाळ कुणी काढायचं नाही. पाटी मिळो न मिळो. निरीक्षक म्हणाला, माणूस आणू कुठून, माझ्याकडे एकही जागा मंजूर नाही.

"माणूस आहे," ती म्हणाली.

तिने मला विचारलंही नव्हतं. पण घरी येऊन सांगितलं तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, की किती वाजता.

तेव्हापासून मी चालते. दर वर्षी चार महिने, ट्रॅक्टरच्या वीस पावलं पुढे, डोक्याला दिवा. मागून इंजिनाचा आवाज येत राहतो. गेल्या वर्षी दोन घरटी होती. यंदा आतापर्यंत चार. मोजणीवाल्या बाईंच्या वहीत हिवाळ्यात एकोणीस आकडा होता.

परवा सकाळी चौथं सापडलं. ह्या वेळी पहिल्या रांगेच्या जागी, पाण्यासमोर. मी हात वर केला. मागचं इंजिन बंद झालं. पायऱ्यांवर हे खांब घेऊन उभे होते, त्यांनी बघितलं आणि तिथूनच ओरडले, आता पहिली रांगही का? माझं हॉटेल झालंय का पाखरांचं?

"हो," मी ओरडून सांगितलं. "आणि चार खांब इकडे घेऊन या."

त्यांनी कपाळावर हात मारला. बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग शिव्या घालत घालत मोळीतून चार खांब वेगळे काढले.